खळ्यातलं बिऱ्हाड

मराठी माणसाला ‘ट्रेलर’ म्हटलं की दोन वस्तू आठवतात. एक थिएटरात पिक्चरच्या आधी दाखवतात ती, आणि दुसरी उसाने भरून ट्रॅक्टरच्या मागे डुलत जाते ती. मोटारीच्या मागे चक्क राहतं घर जोडायचं, नवरा-बायकोने त्यातच रांधायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी उठून ते घर ओढत पुढच्या तळ्याकाठी न्यायचं, हा तिसरा अर्थ न्यू जर्सीतल्या भाच्याचे फोटो येईपर्यंत कुणाला ठाऊक नसतो. फोटोत भाचा, भाच्याची बायको, मागे निळंशार तळं, पुढे शेगडीवर कणसं. इकडे पुण्यातल्या काकू फोटो बोटांनी मोठा करून बघतात आणि विचारतात, “पण यांचा संडास कुठे आहे?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाकांवरच्या घराचा सगळा इतिहास असल्याच घरगुती प्रश्नांवर उभा आहे. इंग्लंडात १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरांनी निव्वळ हौसेखातर घोड्यांनी ओढायची एक प्रशस्त गाडी बांधून घेतली, तिला ‘वाँडरर’ असं नाव दिलं आणि थेट स्कॉटलंडपर्यंत भटकंती केली. मुक्त, स्वच्छंद, एकांतातली भटकंती! बरोबर फक्त एक गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघायचा. त्याच वर्षी अमेरिकेत नायगारा धबधब्याभोवतीची जागा राज्याने लोकांसाठी खुली केली; तिथल्या सर्वांत जुन्या ‘स्टेट पार्क’पैकी ते एक. पुढे वॉली बायम नावाच्या गृहस्थाच्या बायकोने तंबूत जमिनीवर झोपायला साफ नकार दिला, स्वयंपाकघराशिवाय मी येणार नाही म्हणाली, म्हणून त्याने चाकांवर स्वयंपाकघर चढवलं, अशी कथा सांगतात. त्यातून १९३१ मध्ये ‘एअरस्ट्रीम’ हा उद्योग उभा राहिला. अंड्यासारखे गुळगुळीत, चकचकीत ॲल्युमिनियमचे ते ट्रेलर म्हणजे एका बायकोने धरलेल्या हट्टाचं फळ. आपल्याकडे असल्या हट्टातून फार तर गॅसची दुसरी शेगडी येते.

‘स्टेट पार्क’चं भाषांतर ‘राज्य उद्यान’ असं केलं की सगळाच घोटाळा होतो. उद्यान म्हटल्यावर आपल्यासमोर घसरगुंडी, पुतळा, बाहेर भेळेची गाडी आणि ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी येते. तिकडचं पार्क म्हणजे जंगल, तळं आणि त्यात आखून दिलेले गाळे. गाळ्यात गाडी लावली की पाण्याचा नळ, विजेचा खांब, आणि काही ठिकाणी सांडपाण्याचा पाइपही शेजारीच. जागा सहा-सहा महिने आधी राखून ठेवायची, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही आणि शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला हात हलवायचा, पण घरी बोलवायचं नाही.

महाराष्ट्रातही हे व्हावं म्हणून राज्य सरकारने मार्च २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. कॅरव्हॅन आणि त्या उभ्या करायच्या जागा, म्हणजे कॅरव्हॅन पार्क, यांची पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची, अशी कल्पना. अर्थात आपल्याकडे घर मागे जोडायची पद्धत रुजलेली नाही. जे काही दिसतं ते घर आणि इंजिन एकाच पत्र्यात. हौशी माणसाला वाटतं, जुनी व्हॅन घ्यावी, सुताराला बोलवावं, आत पलंग ठोकून घ्यावा. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या वेळी कागदावर लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करायचा नाही. थोडक्यात, घर बांधायला जशी परवानगी लागते तशी ते चाकांवर बांधायलाही लागते. महिंद्रांनी २०२२ मध्ये आयआयटी मद्रासच्या आश्रयाने वाढलेल्या एका कंपनीबरोबर बोलेरो कॅम्परवर बेतलेली राहती गाडी जाहीर केली, तेव्हा सिंधुदुर्गातले कित्येक जण बुचकळ्यात पडले असतील. तिथे ‘कॅम्पर’ म्हणजे मागच्या हौद्यात सिमेंटची पोती नाहीतर आंब्याच्या पेट्या घेऊन धावणारी गाडी. तिच्यात माणसं झोपतातही, पण ती हमालीनंतर दमून.

आता मूळ जोडपं. या लेखातले काका-काकू कुणी एक नव्हेत. पुण्या-मुंबईहून भाड्याची कॅरव्हॅन घेऊन कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही जोडप्याला त्यांचे कपडे बेतशीर बसतील. काका बँकेतून निवृत्त. काकूंचं माहेर मालवण तालुक्यातलं. प्रवासाला निघताना दोघांत एकच करार झाला होता: कुणाकडे उतरायचं नाही. नातेवाइकांना कळवायचं नाही, आग्रहाचं जेवायचं नाही, दुपारी कुणाच्या मुलाचं प्रगतिपुस्तक बघायचं नाही. तळ्याकाठी गाडी लावायची, चहा करायचा, पुस्तक वाचायचं. सिंधुदुर्गात असं राहता येईल असं काकूंना मनापासून वाटलं याचं आश्चर्य वाटतं. काकांचं सोडून द्या, ते घाटावरचे.

गाडी ताब्यात घेतल्यावर काकूंनी पहिल्यांदा आतली मोजमापं घेतली. शेगडीपासून संडासाच्या दारापर्यंत अडीच हात. कोकणातल्या जुन्या घरात स्वयंपाकघर मागच्या बाजूला, न्हाणी त्याच्या पलीकडे आणि संडास असलाच तर परसात, पार माडांच्या मागे, जिथे रात्री कंदील घेऊन आणि मन घट्ट करून जावं लागे. इथे कांदा परतता परतता डावा हात लांब केला की कडी हाताला लागते. काकूंनी बरोबर आणलेला गणपतीचा फोटो कुठे लावावा यावर दोघांची तासभर चर्चा झाली. शेवटी तो ड्रायव्हरच्या सीटसमोर लागला, कारण संडासाकडे पाठ येणारी तेवढी एकच जागा उरली होती. त्यामुळे काका आठवडाभर अत्यंत भाविकपणे गाडी चालवत राहिले.

पहिला मुक्काम आंबोलीला. आजरा सोडून घाटाच्या माथ्यावर आलं की हवा बदलते आणि मे महिन्यातही शाल काढावीशी वाटते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे सात मीटर. कॅरव्हॅनच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. हा हिशोब काकांनी मांडला आणि काकूंनी ताबडतोब छतावरची खिडकी लावून घेतली, आभाळात ढग नव्हता तरी. हिरण्यकेशीचा उगम याच गावात. उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात एका छोट्या माशाची नवी जात सापडली, तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मासा बोटभर. स्वतःचं कुंड सोडून कुठे जात नाही. काकूंना तो फार समजूतदार वाटला.

आंबोलीच्या रात्री पत्र्याच्या घराचा एक गुण कळला: आत नवरा कुशीवर वळला की सगळं घर वळतं. आणि बाहेर काही खसफसलं की गवा, बिबट्या, कुत्रा आणि हॉटेलवाल्याचा पोऱ्या यांतला फरक पडद्याआडून कळत नाही. सकाळी बघतात तर पायरीवर ठेवलेली काकांची एक चप्पल नाहीशी. म्हणजे बहुधा कुत्रा.

घाट उतरून सावंतवाडी. मोती तलावाच्या काठाने फेरी मारावी, चितारआळीत लाकडी खेळणी बघावीत, असा बेत होता. पण या गाडीला वळायला लागते ती जागा चितारआळीत नव्हे, फक्त रणगाड्यांच्या मैदानात मिळते. इथे संसाराची खरी कसोटी सुरू झाली. गाडी मागे घेताना नवऱ्याने आरशात बघायचं आणि बायकोने मागे उभं राहून सांगायचं, एवढंच तर काम. एसटीचा कंडक्टर हेच काम एका शिट्टीत करतो. काकू ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होत्या, काकांना ‘राहू द्या’ ऐकू येत होतं. मग काकू हात हलवू लागल्या. तो हात ‘या’ म्हणतो का ‘थांबा’, यावर तीसेक वर्षांच्या लग्नातही एकमत झालेलं नव्हतं, हे तिथे उघड झालं. पाच मिनिटांत भोवती बारा माणसं जमली आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेने येऊ द्या म्हणू लागला. एका दुकानदाराने शेवटी स्टेअरिंग हातात घेऊन गाडी काढून दिली. कृतज्ञता म्हणून काकूंनी त्याच्याकडून लाकडी भातुकलीचा संच घेतला. गाडीत परतल्यावर त्यातली चूल आणि कॅरव्हॅनची शेगडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. फार फरक नव्हता.

कुडाळवरून मालवणकडे जाताना वाटेत धामापूरचं तळं लागतं. सहलीचं मुख्य आकर्षण हेच. अमेरिकेतल्या भाच्याला उत्तर म्हणून फोटो काढायचा तो इथलाच, असं ठरलेलं. तळं आहेही तसं: डोंगरांच्या कुशीत, काठाला भगवतीचं देऊळ, पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने १५३० मध्ये मातीचा बांध घालून ते बांधलं. म्हणजे नायगाराचं पार्क झालं त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. पण या तळ्याची खरी कीर्ती वेगळीच. लग्नकार्यात दागिने नसतील तर परडीत फुलं ठेवून ती पाण्यात सोडायची, देवी सोन्याचे दागिने वर पाठवायची, कार्य उरकलं की ते परत करायचे. पुढे कुणीतरी परत केले नाहीत आणि देवीने योजना बंद केली, अशी आख्यायिका. डिपॉझिट न घेता वस्तू भाड्याने देण्याच्या धंद्याचं पुढे काय होतं, हे कॅरव्हॅनच्या मालकाला माहीत असावं. त्याने काकांकडून घेतलेलं डिपॉझिट दोघांच्या पेन्शनपेक्षा जास्त होतं.

गाडी लावली, खुर्च्या मांडल्या, चहाचं आधण ठेवलं. एकांत सुमारे सात मिनिटं टिकला. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेल्या एक आजी चढणीवरून उतरल्या, थांबल्या, गाडीभोवती प्रदक्षिणा घातली.

“खयसून इल्यात?”

“पुण्याहून, आजी.”

“आणि ह्यां काय?”

“हे घर आहे. चाकांवरचं.”

आजींनी मोळी खाली ठेवली. “हय घरां काय कमी आसत? आमच्या वाडीत चार बंद आसत. चावयो माझ्याकडेच आसत. तुमी घर घेवन कित्याक इल्यात?”

या प्रश्नाला राज्याच्या धोरणात उत्तर नाही. सिंधुदुर्ग १९८१ च्या १ मेला वेगळा जिल्हा झाला, पुढे कोकण रेल्वे आली, चिपीला विमानतळ झाला, पण गावातली चांगली चिरेबंदी घरं आहेत ती गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपातच. चाकरमानी मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत राहिला आणि गावाकडे त्याची ओटी, पडवी, माजघर रिकामं वाट बघत बसलं. अशा मुलखात कुणी पुण्याहून सहा फूट रुंदीचं घर भाड्याने घेऊन येतो, तेव्हा आजींना तो माणूस बरा आहे ना अशी शंका येणारच. पुढचा प्रश्न त्यांनी काकूंकडे बघून विचारला आणि करार तिथेच मोडला. “गो बाय, तू कोणाची?”

काकूंनी माहेरचं आडनाव सांगितलं. अर्ध्या तासाने चुलतभाऊ मोटरसायकलवरून हजर. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, दुःख होतं. राग परवडला असता. “रस्त्यावर झोपतलास? लोक काय म्हणतले?”

माहेरच्या वाडीत गाडी नेणं हा वेगळा अध्याय. वाटेत पाणंद, म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मध्ये एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. वर फणसाची फांदी, तिच्याखालून विजेची तार. एका पोराने छतावर बसून बांबूने तार उचलू का, असं विचारलं; काकूंच्या किंचाळण्याने तो बेत रद्द झाला आणि त्याच्याकडे फांदी कापायचा कोयता सोपवण्यात आला. आरसे आत दुमडले, पोटं आत घेतली, आणि दीड तासाने कॅरव्हॅन घरासमोरच्या खळ्यात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, नव्या नवरीसारखी उभी राहिली. पडवीतून एक्स्टेन्शन बोर्ड आला. विहिरीच्या पंपाला लावलेला पाइप टाकीला आला. पाणी, वीज, दोन्ही मिळालं. अमेरिकेतल्या गाळ्यात मिळतं तसंच, शिवाय वर घावणे आणि नारळाचा रस. तिसऱ्या पाइपाची सोय मात्र नव्हती. कॅरव्हॅनच्या संडासाखाली पेटीसारखी टाकी असते, ती काढून रिकामी करावी लागते. आयुष्यभर इतरांच्या कॅश पेट्या मोजलेल्या काकांना ही पेटी उजाडायच्या आत, कुणी न बघता, घरामागच्या संडासापर्यंत न्यायची होती. वाटेत त्यांना सहा जण भेटले आणि सगळ्यांनी आस्थेने विचारलं, “काय हाडलास?”

वाडीतल्या पोरांसाठी गाडी म्हणजे जत्रा. दार उघडून बघायचं, नळ सोडून बघायचा, पलंगाची घडी घालून बघायची. संध्याकाळपर्यंत शंभर लिटरची टाकी संपली. शेजारच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी साडेतीनशे वर्षं टिकल्या. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकामाला सुरुवात करताना पाण्याचा विचार कुणीतरी आधी केला होता. कॅरव्हॅन बांधणाऱ्याने चुलतभावाच्या पोरांचा विचार केलेला नव्हता.

आणि रात्री दहानंतरची शांतता? त्या रात्री देवळात दशावतार होता. म्हणजे खेळ उभा राहायलाच अकरा वाजले आणि झुंजूमुंजू झालं तेव्हा राक्षस पडला. खरं सांगायचं तर कोकणात चाकांवरचा संसार पहिल्यापासून कुणी केला असेल तर तो या दशावतारी मंडळींनी. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशा किती मंडळांच्या गाड्या जत्रेच्या हंगामात रोज नव्या गावाला लागतात. पेटाऱ्यात राजाचा मुकुट, दैत्याची गदा, स्त्रीपार्टीचं पातळ. देवळाच्या आवारात पेटारा उघडायचा, रंगायचं, लिहिलेल्या संहितेशिवाय रात्रभर बोलायचं, सकाळी पेज जेवून पुढच्या गावाला. त्यांना नोंदणीकृत कॅरव्हॅन पार्क लागत नाही, वडाची सावली पुरते. पहाटे चारला संकासुराचा वेश उतरवलेला एक नट गाडीपाशी आला, आत डोकावून त्याने पलंग, पंखा, छोटा फ्रिज बघितला आणि काकांना विचारलं, “प्रयोग खय आसा?”

मालवणला दोघं एक दिवस जाऊन आली. किनाऱ्यावर गाडी लावून खिडकीतून समुद्र बघत झोपायचं हे काकांचं जुनं स्वप्न. वाळू दिसायला घट्ट होती. एका रापणकाराने लांबूनच ओरडून सांगितलं की भरती आली की चाकं बसतील. काकांनी गाडी मागे घेतली, काकूंनी हात हलवला, आणि या वेळी, आठवड्यात पहिल्यांदाच, दोघांना एकाच अर्थाचा हात समजला. गाडी माडांच्या बनात, एका ओळखीच्या माणसाच्या जागेत लागली. अनोळखी माणसाची जागा तोवर शिल्लकच राहिली नव्हती. चुलतभावाने फोन करून ठेवले होते. आरवलीला तर वेतोबाच्या देवळाजवळ गाडी उभी केली तेव्हा नारळवाल्याने काळजी करू नका म्हणून सांगितलं. देव रात्री गस्त घालतो, म्हणून तर त्याला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपलांचे तळ झिजतात, अशी तिथली श्रद्धा. काकांनी देवळातल्या त्या चपलांच्या राशीकडे बराच वेळ पाहिलं. आंबोलीची एक त्यांना अजून सलत होती.

१९५४ साली हॉलिवूडने ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा सिनेमा काढला होता. ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ हे खरोखरचे नवरा-बायको त्यात नवविवाहित जोडपं झाले होते. मधुचंद्राला ट्रेलर घेऊन निघालेली बायको जिथे जाईल तिथला एकेक दगड आठवण म्हणून गोळा करते, नवरा ते टाकून द्यायला सांगतो, ती लपवून ठेवते, आणि डोंगराच्या चढावर ते सगळं वजन उठून बोलू लागतं. काकूंनी तो सिनेमा पाहिलेला नव्हता. निघायच्या दिवशी त्यांनी पुण्याच्या गॅलरीतल्या तुळशीसाठी चार चिरे मागून घेतले. त्यावर चुलतभावाने हापूसच्या दोन पेट्या ठेवल्या. वहिनीने उकड्या तांदळाचं पोतं, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या. आजींनी फणस, अर्थात दोन, एक कापा आणि एक बरका. शेजारणीने कोल्हापुरातल्या भाचीसाठी केळीचे तीन कोंब मातीसकट. मालवणचा खाजा, सुके बांगडे, आणि गाडीत जागा आहेच तर म्हणून एक पाटा.

आंबोलीच्या चढावर कॅरव्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर आली. मागच्या एसटीने हॉर्न वाजवणं सोडून दिलं होतं. कोल्हापूर येईतो रात्र झाली. पलंगावर पेट्या, पेट्यांवर फणस, संडासात केळीचे कोंब, शेगडीपाशी पाटा. झोपायला जागा म्हणून नव्हतीच. लॉजच्या मॅनेजरने दोन पावत्या फाडल्या, एक खोलीची आणि एक मोठ्या गाडीच्या पार्किंगची. साडेअकराला डोळा लागतो न लागतो तोच काकूंनी काकांना हलवलं.

“अहो, घराची खिडकी उघडी ठेवलीत ना? आत बांगडे आहेत.”